डॉ. होमी भाभा : बेंगळुरूचा मुक्काम, ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि थायरॉइडचा रुग्ण

डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी थायरॉइड ग्रंथीवर कधीही संशोधन केले नाही. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते आणि भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून देश त्यांना ओळखतो. तरीही भारतातील थायरॉइडच्या निदानाचा व उपचारांचा इतिहास सांगताना त्यांचे नाव टाळता येत नाही. या इतिहासाचा एक धागा बेंगळुरूपर्यंत, एका लांबलेल्या सुट्टीपर्यंत जातो.

भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा हॉर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यानुसार १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. वडिलांनी दिलेला शब्द पाळला आणि पुढील शिक्षणास संमती दिली. तिशी गाठण्यापूर्वीच विश्वकिरणांवरील कार्यामुळे भाभांचे नाव युरोपात झाले.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग खुंटला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांना आपल्याकडे घेतले. भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने तेथे विश्वकिरण संशोधन कक्ष उभा राहिला. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले, तेव्हा ते बेंगळुरूतच होते.

या पाच-सहा वर्षांत भाभांच्या विचारांना वेगळे वळण लागले. युद्ध संपताच केंब्रिजला परतायचे, हा मूळ बेत मागे पडला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्थेची मागणी केली. काही दशकांनी अणुशक्ती वापरण्याची वेळ येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्या पत्राचा गाभा होता. हिरोशिमा तेव्हा दीड वर्ष दूर होते. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बेंगळुरूतच सुरू झाले आणि वर्षअखेरीस ती मुंबईत आली.

स्वातंत्र्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले, १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग आला आणि मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे नव्या केंद्राची उभारणी सुरू झाली. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली मोठी 'सायरस' भट्टी १९६० मध्ये सुरू झाली. या भट्ट्यांमधून वीज निर्माण होत नव्हती. त्यांचा उपयोग संशोधनासाठी आणि किरणोत्सारी समस्थानिके तयार करण्यासाठी होता.

त्या समस्थानिकांपैकी एक म्हणजे आयोडीन-१३१. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक बनवण्यासाठी रक्तातून आयोडीन शोषून घेते. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सारी कोणते, हा भेद तिला करता येत नाही. त्यामुळे अल्प मात्रा दिल्यास ग्रंथीचे कार्य बाहेरून मोजता येते आणि अधिक मात्रेने अतिक्रियाशील ग्रंथीच्या पेशी आतूनच नष्ट करता येतात. अमेरिकेत १९४१ मध्ये या उपचाराचा प्रारंभ झाला होता. अडचण वेगळीच होती. आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता सुमारे आठ दिवसांत निम्मी होते. परदेशातून मागवलेली कुपी विमानतळ आणि जकात ओलांडून रुग्णालयात येईपर्यंत तिची शक्ती क्षीण होत जाणार. स्वदेशीचा आग्रह अनेकदा अभिमानाचा विषय असतो, येथे तो साध्या अंकगणिताचा होता.

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले आणि १९६३ मध्ये त्याच परिसरात ट्रॉम्बेच्या केंद्राने विकिरण वैद्यक केंद्र सुरू केले. थायरॉइडचे विकार हा त्या केंद्राच्या कामाचा मोठा भाग राहिला. भाभांच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना ही बाजू बहुधा सुटते. अणुवीज त्यांनी गृहीत धरलेल्या वेगाने वाढली नाही, त्यावर टीकाही झाली. समस्थानिकांचे काम मात्र गाजावाजा न होता चालत राहिले.

चित्रकला, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि वृक्ष यांच्यात रमणारा हा अविवाहित वैज्ञानिक २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघाला होता. एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले आणि त्यात भाभा यांचा अंत झाला. ते ५६ वर्षांचे होते. पुढील वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

किरणोत्सारी आयोडीनचा आणखी एक उपयोग भारतात त्यांच्या पश्चात रुळला. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकात 'रेडिओ इम्युनोॲसे' ही पद्धत विकसित केली होती. रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की साध्या रासायनिक चाचणीत ते सापडत नाही. म्हणून आयोडीन-१२५ जोडलेले संप्रेरक आणि रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक यांना मोजक्या प्रतिपिंडांसाठी स्पर्धा करू दिली जाते. चिकटलेल्या किरणोत्सारी रेणूंची संख्या जितकी कमी, तितके रक्तातील संप्रेरक अधिक. या शोधासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, बर्सन तोपर्यंत हयात नव्हते. पुढे टी-३, टी-४ आणि टीएसएच मोजण्याचे संच ट्रॉम्बेच्या परंपरेतूनच देशात तयार होऊन प्रयोगशाळांपर्यंत पोहोचले.

हीच तीन नावे आज थायरॉइडच्या अहवालात दिसतात आणि अनेकांचा गोंधळ तेथेच होतो. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला काम करण्याचा जो आदेश पाठवते, तो आदेश म्हणजे टीएसएच. थायरॉइड मंदावली की आदेश वाढतो. म्हणूनच टीएसएच वाढलेले आणि मुक्त टी-४ घटलेले असल्यास थायरॉइडची न्यूनक्रियता, म्हणजे हायपोथायरॉइडिझम, असल्याचे समजले जाते. प्रौढांमध्ये टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ एकक असते. प्रयोगशाळेनुसार ती थोडी बदलते, गरोदरपणात निकष वेगळे असतात आणि वाढत्या वयात किंचित जास्त आकडा स्वाभाविक असू शकतो. टी-४ सामान्य असून टीएसएच थोडेच वाढलेले असेल, तर डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून मगच निर्णय घेतात. टीएसएच १० च्या वर टिकून राहिल्यास सामान्यतः उपचार सुरू होतो. दोष पीयूषिकेतच असेल, तर मात्र टीएसएच विश्वासार्ह राहत नाही आणि मुक्त टी-४ पाहूनच औषध ठरवावे लागते.

गोळीची मात्रा बदलल्यावर आठवड्याभरात रक्त तपासून घेण्याची घाई निष्फळ ठरते. शरीरातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिर व्हायला आणि पीयूषिकेने ती ओळखायला सहा ते आठ आठवडे जातात. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर घेतल्यास ती नीट शोषली जात नाही, म्हणून साधारण चार तासांचे अंतर ठेवतात. पुष्कळदा आकडा बिघडण्याचे कारण मात्रेत नसते, ते अशा सवयीत किंवा चुकलेल्या गोळ्यांत असते. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिनही काही चाचण्यांचे निष्कर्ष फसवे करते. मात्रा जास्त झाल्यास टीएसएच फार खाली जाते, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे विरळ होण्याचा धोका वाढतो. वृद्धांना व हृदयरुग्णांना म्हणूनच अल्प मात्रेने प्रारंभ करून ती हळूहळू वाढवतात.

आता बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सारी संचांऐवजी प्रकाश मोजणारी स्वयंचलित यंत्रे आली आहेत. आयोडीन-१३१ ला मात्र उपचारातील स्थान कायम आहे. अतिक्रियाशील थायरॉइडसाठी ते घेतलेल्या अनेक रुग्णांची ग्रंथी पुढे मंदावते आणि त्यांना थायरॉक्सिनची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. पहिल्या काही महिन्यांत ठरावीक आठवड्यांनी आणि मात्रा स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा तरी ते रक्त तपासून घेतात.