हिंदुस्थानचा हिशेब तपासणारा अंध प्राध्यापक

१७ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्लंडमधील सॅलिसबरीजवळच्या हार्नहॅम टेकडीवर एक पिता आपल्या पुत्रासमवेत तितरांच्या शिकारीस गेला होता. पित्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागला होता. त्याने झाडलेल्या बंदुकीचे काही छर्रे पुत्राच्या अंगावर आले आणि चष्म्याच्या काचा भेदून दोन्ही डोळ्यांत शिरले. पंचवीस वर्षांच्या हेन्री फॉसेट यांची दृष्टी कायमची गेली.

फॉसेट तेव्हा केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलचे फेलो होते. पार्लमेंटात जाण्याची आकांक्षा बाळगून होते. अपघातानंतर सांत्वनाची पत्रे आली. त्यांतील बहुतेकांत प्राक्तनापुढे मान तुकविण्याचा उपदेश होता, आणि तो त्यांना मुळीच रुचला नाही. विल्यम हॉपकिन्स या जुन्या शिक्षकांनी मात्र अभ्यास पुढे चालू ठेवण्याचा सल्ला दिला. तेवढा त्यांनी मानला. अपराधाच्या जाणिवेने पिता पुत्राहूनही अधिक खचला होता. फॉसेट यांची प्रसन्नता पुढे सर्वश्रुत झाली, पण तिचे मूळ केवळ स्वभावात शोधणे अपुरे ठरेल. पित्यासमोर हसतमुख राहणे हे त्यांना प्राप्त झालेले पहिले काम होते.

ते केंब्रिजला परतले. हात धरून नेण्यास व वाचून दाखविण्यास त्यांनी एक मुलगा ठेवला. सोबत्याच्या आवाजाच्या अनुरोधाने ते गोठलेल्या पाणथळीवर स्केटिंग करीत, घोड्यावर बसत, गळ टाकून मासे धरीत. परावलंबन त्यांनी लपविले नाही, की त्याची लाजही बाळगली नाही. श्रमविभागणीचे तत्त्व शिकविणाऱ्या माणसाने वाचनाचे श्रम दुसऱ्याकडे सोपवावेत आणि निर्णय स्वतःकडे ठेवावा, यात विसंगती ती कोणती? १८६३ मध्ये त्यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी ते केंब्रिजमध्ये त्या विषयाचे प्राध्यापक झाले. १८६५ मध्ये ब्रायटनमधून ते पार्लमेंटात निवडून आले. १८६७ मध्ये मिलिसेंट गॅरेट यांच्याशी विवाह झाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी पुढे झगडलेल्या त्या याच.

आपल्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा खरा भाग येथे सुरू होतो. १८६७ मध्येच तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनच्या इंडिया ऑफिसात नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. ज्या रयतेस त्या मेजवानीची वार्ताही नव्हती, तिने तिचे पैसे भरावयाचे! फॉसेट यांनी याविरुद्ध आवाज उठविला. अॅबिसिनियाच्या मोहिमेचा भार हिंदुस्थानवर लादण्यासही त्यांनी विरोध केला. पुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीत ते होते. याच समितीपुढे १८७३ मध्ये दादाभाई नौरोजी यांची साक्ष झाली. रुक्ष आकड्यांनी भरलेली भाषणे ते हाती टिपण न घेता करीत. टिपणाचा उपयोगच नव्हता. आकडे ऐकून स्मरणात साठविणे एवढाच मार्ग होता. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावरील चर्चेस सभागृह ओस पडे. ज्यांना डोळे होते त्यांना ते कागद वाचण्याची उत्सुकता नव्हती.

१८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्तर-जनरल नेमले, परंतु मंत्रिमंडळात घेतले नाही. मंत्रिमंडळाचे गोपनीय कागद त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतील, ही अडचण त्यास एक कारण म्हणून सांगितली जाते. पोस्टाचा कारभार मात्र त्यांनी कागद वाचून घेऊनच चालविला. एकेक पेनीची तिकिटे चिकटवून शिलिंग जमविण्याची बचत योजना, पोस्टल ऑर्डर आणि १ ऑगस्ट १८८३ पासूनची पार्सल टपाल ही त्यांच्याच कारकीर्दीतील. ६ नोव्हेंबर १८८४ रोजी, एकावन्नाव्या वर्षी, केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते त्याच पदावर होते.