विश्लेषण : नऊवारी की ऊब? फिलाडेल्फियाच्या थंडीत आनंदीबाई जोशींनी कोणता मार्ग काढला?

अहमदपूर : बालाघाटच्या डोंगररांगेत डिसेंबर उजाडला की पहाटेच्या लातूर-नांदेड गाड्यांत कानटोप्या, मफलर आणि साडीवर चढवलेले स्वेटर दिसू लागतात. ऊन चढले की हे सगळे पिशवीत जाते. इथल्या थंडीचे एवढ्यावर भागते. पण वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियाला निघालेल्या मुलीच्या घरात वेगळाच प्रश्न असतो. बॅगेत काय भरायचे? थंडी अडली पाहिजे आणि अंगावरचा पोशाख आपलाही वाटला पाहिजे. हाच प्रश्न १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीसमोर उभा राहिला होता. त्या होत्या आनंदीबाई जोशी. त्यांच्यासाठी तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. त्यांनी भरसभेत दिलेला शब्द त्यात गुंतला होता.

कोण होत्या आनंदीबाई?

जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता आणि त्यासाठी ते अतिशय कठोरही होत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री डॉक्टर हवी, ही त्यांची तळमळ या दुःखातून पक्की झाली. गोपाळरावांनी एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोसेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात ते आले आणि दोन्ही घरांत पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

पोशाखाचा शब्द का द्यावा लागला?

समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे मानणारा तो काळ होता. बाई, तीही नवऱ्याला मागे ठेवून जाणार, म्हणून टीका आणखी धारदार झाली. परदेशी गेलेली बाई तिकडचा धर्म घेईल, झगा घालेल, मांस खाईल, असे उघडपणे बोलले जाई. या टीकेला उत्तर देण्यासाठी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन आणि आहार, पोशाख, रीतीभाती बदलणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

अशा वातावरणात लुगडे ही धर्म राखल्याची रोज दिसणारी खूण झाली. अंगावर काय आहे, यावरून लोक निकाल देणार होते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा कार्पेंटर यांच्या घरी गेला. तोवर नऊवारीची काही अडचण नव्हती.

नऊवारी तिथे का पुरेना?

ऑक्टोबरमध्ये त्या फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. पाठोपाठ हिवाळा आला. जानेवारीत या शहराचे रात्रीचे तापमान सरासरीनेही शून्याखाली असते. बर्फ पडतो आणि वारा बोचतो.

नऊवारी ही कासोट्याची साडी. तिचा काठ दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचला जातो. त्यामुळे चालणे, वाकणे, शेतात काम करणे, जिना चढणे सोपे जाते. मराठवाड्यातील शेतकरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती नेसली, त्याचे कारणही हेच. पण या नेसण्यात पोटऱ्या उघड्या राहतात. चोळी आखूड असल्याने कंबरही उघडी पडते. शिवाय कासोटा असल्यामुळे आत परकर घालण्याची सोय राहत नाही. आपल्या हवेत हे सोयीचे असले, तरी फिलाडेल्फियाच्या बर्फात नेमक्या याच जागांमधून गारठा अंगात शिरत होता.

मग कोणता मार्ग काढला?

सोपा मार्ग समोरच होता. वर्गातील अमेरिकी मुलींसारखा लांब झगा शिवून घ्यायचा. पण मग टीकाकारांचे भाकीत खरे ठरले असते. दुसरा मार्ग म्हणजे दिलेल्या शब्दासाठी कुडकुडत राहायचे. आनंदीबाईंनी बराच विचार करून तिसरा मार्ग काढला. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्यामुळे साडी घोट्यापर्यंत पोहोचली, कंबर झाकली गेली आणि आत परकर घालता आला. साडी तीच राहिली, नेसणे तेवढे बदलले.

आज पाचवारी घरोघरी आहे, त्यामुळे हा बदल किरकोळ वाटेल. त्या काळी तो तसा नव्हता. साडी कशी नेसली यावरून बाईचा प्रांत आणि जात ओळखली जाई. कासोटा सोडणे हेही अनेकांच्या दृष्टीने वळण सोडणेच होते. तेव्हा भारतात असलेल्या गोपाळरावांच्या पत्रांत कधी कौतुक असे, तर कधी बोचरी टीका. तरीही आनंदीबाईंनी शब्दाचा अर्थ शहाणपणाने लावला. पोशाख आपला राहील, पण तो शरीराला मारणारा नसेल.

ऊब टिकते कशी?

कापड स्वतः उष्णता निर्माण करत नाही. उष्णता शरीराची असते. ती धरून ठेवते ती कापडाच्या थरांत अडकलेली हवा. मराठवाड्यातील वाकळ उबदार असते ती यामुळेच. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर शिवले की मधली हवा कोंडून राहते. साडीखाली परकर आला की पायांभोवती असाच एक थर तयार होतो. नुसत्या उघड्या पोटरीला तो मिळत नाही.

परदेशी जाणाऱ्या मुलींनाही हेच सूत्र उपयोगी पडते. एकच जाडजूड कपडा घेण्यापेक्षा तीन थर बरे. आतला थर अंगासरशी आणि घाम बाहेर टाकणारा, मधला लोकरीचा, तर बाहेरचा वारा आणि बर्फ अडवणारा. सुती कापड ओले झाले की ऊब देत नाही आणि वाळतही लवकर नाही. लोकर किंचित ओली झाली तरी ऊब धरते. आतले थर कोणाला दिसत नाहीत. त्यामुळे वर कुर्ता, साडी किंवा काठाची शाल असा आपल्या आवडीचा पोशाख ठेवता येतो. घोटे, कंबर, मान आणि मनगट या फटी बंद झाल्या की अर्धे काम होते.

छायाचित्रात काय दिसते?

१० ऑक्टोबर १८८५ रोजी कॉलेजात काढलेले एक छायाचित्र आजही जगभर पाहिले जाते. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सिरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पोशाखात आणि आनंदीबाई साडीत. आपापल्या देशांतून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये या तिघींची गणना होते. एव्हाना आनंदीबाईंनी तिथले दोन हिवाळे काढले होते. तरीही अंगावरची साडी नीटनेटकी आणि रुबाबदार आहे. जुळवून घेणे म्हणजे ओळख पुसणे नव्हे, हे या छायाचित्रातून कळते.

थंडीनेच त्यांचा घात केला का?

असे सर्रास सांगितले जाते, पण ते अपुरे आहे. पोशाखाचा प्रश्न सुटला तरी खोलीचा सुटला नव्हता. त्यांच्या खोलीतील शेकोटी नीट बसवलेली नव्हती. ती पेटवली की खोलीत धूर कोंडे, विझवली की गारठा. शाकाहाराचा नियम त्यांनी पाळला होता. त्या मुलखात पुरेसे शाकाहारी जेवण मिळणे कठीण होते आणि अभ्यासाचा ताण तर रोजचाच. अशक्त शरीरात क्षयाने घर केले.

क्षय थंडीमुळे होत नाही, तो जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८२ मध्येच जगासमोर मांडला होता. पण त्यावर गुणकारी औषध यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. कोंदट खोली, अर्धपोटी राहणे आणि थकवा यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचते. तेव्हा दोष एकट्या थंडीला किंवा साडीला देता येत नाही.

पुढे काय झाले?

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक होत्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला परतल्या, पण तोवर आजार बळावला होता. ज्या कामासाठी शब्द दिला, बोली खाल्ली आणि बर्फातले हिवाळे काढले, ते काम हाती येण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवण्यात आल्या आहेत.