रुमालावरची धूळ

व्हॅक्यूम क्लीनर एरवीपेक्षा वरच्या पट्टीत घोंगावू लागला आणि तरी सतरंजीवरचा कचरा जागचा हलेना, की मोटर गेली असे समजून आपण मेकॅनिकला बोलावतो. बहुधा मोटर बिचारी ठणठणीत असते. हवेची वाट बुजल्याने पंख्यावरचा भार कमी होतो, म्हणून तो अधिकच वेगाने फिरतो. दुखणे असते गाळणीत, आणि ते या यंत्राइतकेच जुने आहे.

ह्यूबर्ट सेसिल बूथ हा १८७१ साली ग्लॉस्टरला जन्मलेला इंजिनीअर. व्हिएन्ना आणि पॅरिसच्या अजस्र पाळण्यांच्या उभारणीत त्याचा हात होता. १९०१ मध्ये लंडनला त्याने सफाईचे एक यंत्र पाहिले. ते हवेच्या झोताने धूळ उडवी. थोडी पेटीत जाई, बाकीची पुन्हा गालिच्यावर बसे. फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असे बूथने विचारले. ते अशक्य आहे, असे उत्तर मिळाले.

मग व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीला चक्क तोंड लावले आणि श्वास ओढला. जीव घुसमटला! रुमाल आड धरून ओढल्यावर रुमालावर काळा डाग उमटला, असे सांगतात. सारी युक्ती त्या रुमालात होती. हवा आरपार जावी, धूळ अडावी. पण अडलेला प्रत्येक कण कापडाचे एकेक छिद्र बुजवतो. जे कापड धूळ पकडते, तेच यंत्राचा श्वास कोंडते. यातून अजून कोणाची पुरती सुटका झालेली नाही.

बूथचे यंत्र म्हणजे घोड्यांनी ओढायचा गाडाच. इंजिन आणि पंप रस्त्यावर, लांबलचक नळ्या खिडकीतून घरात. घोडे बुजतात म्हणून तक्रारी झाल्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये राहणाऱ्या नौसैनिकांत तापाची साथ पसरली, तेव्हाही बूथची यंत्रे गेली आणि टनावारी धूळ निघाली. मखमलीतल्या धुळीकडे त्यानंतर कोण दुर्लक्ष करील?

घरात मावणारे यंत्र मात्र गाजवले अमेरिकेने. ओहायोतल्या स्पँगलर नावाच्या सफाई कामगाराने पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून १९०८ मध्ये पेटंट मिळवले. ते हूव्हरने विकत घेतले आणि इंग्रजांच्या घरोघरी हूव्हरचेच नाव रुळले. बूथ १९५५ मध्ये गेला.

तेव्हा मेकॅनिकला फोन करण्याआधी प्लग काढावा आणि पिशवी पाहावी. कागदी असेल तर बदलावी, कापडी असेल तर घराबाहेर नेऊन झटकावी. नळीत एका टोकाने नाणे सोडून ते दुसरीकडून पडते का, हेही बघावे. पुष्कळदा मोजा किंवा केसांचा गुंता आत दडून बसलेला असतो. झाकणाची रबरी पट्टी सैल असेल तर ओढ वाटेतच फुकट जाते. धुण्याजोगी गाळणी धुवावी, पण पुरती वाळल्याखेरीज परत बसवू नये. ओल्या गाळणीवर धुळीचा चिखल थापला जातो.