आग्नेर एर्लांग

डेन्मार्कमधील जटलंड या भागात लोनबोर्ग नावाचे खेडे आहे. तेथे १ जानेवारी १८७८ रोजी आग्नेर एर्लांग यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. सायंकाळी भाऊ पुस्तक उघडून बसला की, आग्नेर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचीत. भावाचे वाचून होईपर्यंत थांबणे त्यांना मानवत नसावे!

१९०१ साली गणिताची पदवी घेऊन त्यांनी सात वर्षे शाळांत अध्यापन केले. पुढे योहान येन्सेन या गणितज्ञ अभियंत्यांच्या ओळखीने १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आले.

त्या काळी केंद्रात बसलेल्या स्त्रिया हाताने तारा जोडून देत. कोणाची घंटा केव्हा वाजेल, याचा नेम नसे. कधी दहा जण एकदम बोलावीत, कधी सारे शांत. या गोंधळालाही नियम आहे, हे एर्लांग यांनी १९०९ च्या निबंधात दाखविले.

समजा, एका जोडणीस १० सेकंद लागतात. म्हणजे १० मिनिटांत फार तर ६० जोडण्या होतील. सरासरी ३० मागण्या येत असतील, तर प्रत्येकास सरासरी ५ सेकंद थांबावे लागते. मागण्या ५४ झाल्या की, तेच थांबणे ४५ सेकंदांवर जाते! अशा वेळी ती स्त्री दर १० मिनिटांत एक मिनिट विसाव्यास उठली, तर तिला ५४ जोडण्यांपुरताच वेळ उरतो. मग साचलेली रांग उपसण्यास क्षणही मिळत नाही. ती लांबतच जाते. वरवर पाहणाऱ्यास तिचे रिकामे क्षण वाया गेलेले वाटतील. पण त्या क्षणांमुळेच इतरांचे काम लवकर होते.

किती मागण्यांस किती तारा हव्यात, याचे सूत्र त्यांनी १९१७ मध्ये मांडले. ब्रिटनच्या टपाल खात्यानेही ते स्वीकारले.

हे गणिती केवळ मेजापाशी बसणारे नव्हते. तारांतून निसटणारी वीज मोजण्यासाठी ते शिडी घेतलेल्या मजुरासह शहरभर हिंडत आणि रस्त्याखालच्या भुयारांत स्वतः उतरत. ते अविवाहित राहिले. दारी आलेल्या गरजूस ते रिकाम्या हाताने परत पाठवीत नसत. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९४६ साली टेलिफोनच्या वर्दळीच्या मापाला ‘एर्लांग’ हे नाव देण्यात आले.