भिक्खू इत्सिंग आणि कुक्कुटेश्वराचे यात्रेकरू

ह्युएन त्संग यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत असते. त्यांच्या मागून आलेले भिक्खू इत्सिंग मात्र परीक्षेतल्या एका ओळीपुरतेच आठवतात. आम्हाला ते जवळचे वाटतात ते एका वेगळ्या कारणासाठी. धम्मासाठी निघालेल्या आणि घरी परत न गेलेल्या माणसांची नावे त्यांनी जपली.

इ.स. ६३५ मध्ये चीनमध्ये त्यांचा जन्म झाला. ६७१ साली कॅन्टन बंदरातून इराणी गलबताने ते निघाले. सुमात्रातील श्रीविजय येथे सहा महिने राहून संस्कृत व्याकरण शिकले आणि ६७३ मध्ये बंगालच्या ताम्रलिप्तीला उतरले. पुढे मगधाच्या वाटेवर चोरांनी अंगावरचे कपडेसुद्धा काढून नेले. तरी पोचले, आणि नालंदेत सुमारे दहा वर्षे शिकले.

इकडचे लोक परमुलखातल्या पाहुण्यांना काय म्हणतात, हे त्यांनी कान देऊन ऐकले. कॅन्टनकडचा मुलूख म्हणजे चीन, आणि राजधानी म्हणजे महाचीन. आणि कोरिया? कुक्कुटेश्वर! कुक्कुट म्हणजे आपला कोंबडाच, कुक्कुटपालनातला. त्या देशात कोंबड्याला देव मानतात म्हणून लोक डोक्यावर पिसे खोवतात, अशी सांगोवांगी होती. इत्सिंगांनी ती सांगोवांगी म्हणूनच लिहिली, हे विशेष. पिसांची गोष्ट काही अगदीच हवेतली नव्हती बरं का. कोरियातल्या गोगुर्यो राज्याच्या थडग्यांतील भिंतीचित्रांत टोपीला पिसे लावलेले स्वार आहेत. शेजारच्या सिल्ला राज्याचे एक नाव ग्येरिम, म्हणजे कोंबड्याचे रान. गोगुर्यो तर ६६८ सालीच बुडाले होते.

या कुक्कुटेश्वराकडून आलेले भिक्खू आर्यवर्मन नालंदेतच सत्तरी ओलांडून वारले. मायदेशी जायची त्यांची ओढ तशीच राहिली. दुसरे सिल्लाचे ह्येओप. नालंदेत चिनी पोथ्या तपासताना एकीच्या खाली त्यांची नोंद इत्सिंगांना अचानक दिसली: तथागतांच्या दातवणाचे म्हणून सांगत त्या झाडाखाली बसून ही नक्कल केली, अशी. चौकशी केली तेव्हा कळले की ते साठीच्या सुमारास इथेच गेले, आणि त्यांनी उतरवलेल्या संस्कृत पोथ्या विहारातच आहेत. सिल्लाचेच आणखी दोघे सुमात्राच्या बाजूला आजारी पडून वारले. त्यांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. तरीही इत्सिंगांनी त्यांना ग्रंथात जागा दिली. आमच्या मते त्यांच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा हे मोठे.

परतीच्या वाटेवर ते श्रीविजयला लिखाण करीत राहिले. ६८९ मध्ये कागद-शाई मागवणारे पत्र द्यायला गलबतावर चढले, तेवढ्यात वारा अनुकूल झाला, शिडे उभारली आणि गलबत निघालेच! पोथ्या राहिल्या श्रीविजयला, आणि स्वामी थेट कॅन्टनला. मदतनीस घेऊन ते पुन्हा माघारी आले. यात्रेकरूंच्या चरित्रांचा तो ग्रंथ त्यांनी ६९२ साली तिथूनच चीनला पाठवला.

६९५ मध्ये ते स्वतः लोयांगला पोचले तेव्हा सम्राज्ञी वू वेशीबाहेर सामोरी आली. सोबत सुमारे ४०० संस्कृत ग्रंथ होते. त्यांचे भाषांतर करण्यातच उरलेले आयुष्य गेले. ७१३ साली ते वारले.