शाह सुलेमान : मेरठ खटल्याचा गुंता सोडविणारे मुख्य न्यायमूर्ती

नवी दिल्ली : फौजदारी खटल्यांच्या दिरंगाईची चर्चा निघाली की न्यायाधीशांची अपुरी संख्या आणि वाढत जाणाऱ्या तारखा यांकडे बोट दाखविले जाते. अभियोग पक्ष खटला कशा तयारीने उभा करतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर शाह महंमद सुलेमान यांच्यापुढे १९३३ मध्ये तो ठळकपणे उभा राहिला.

सुलेमान यांचा जन्म १८८६ मध्ये जौनपूरचा. अलाहाबाद आणि केंब्रिज येथे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. गणित हा त्यांच्या आवडीचा विषय होता. न्यायाधीशपद सांभाळतानाच त्यांनी सापेक्षतावादाला पर्यायी गणिती मांडणी करण्याचा प्रयत्न केला. १९३२ मध्ये ते मुख्य न्यायमूर्ती झाले.

मेरठ कटाचा खटला त्याआधीच सुरू झाला होता. मार्च १९२९ मध्ये मुंबई, कलकत्ता आदी ठिकाणांहून कामगार पुढाऱ्यांना अटक झाली. त्यांत श्रीपाद अमृत डांगे, शांताराम मिरजकर हेही होते. बादशहाचे सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट, असा आरोप होता. दंडाधिकाऱ्यांपुढील प्राथमिक चौकशीतच अनेक महिने गेले. सत्र न्यायालयाचा निकाल लागला तो जानेवारी १९३३ मध्ये. तोवर बहुतेक आरोपी कोठडीतच होते. धुंडिराज ठेंगडी यांचे तर निकालापूर्वीच निधन झाले.

विलंबाचे कारण कागदपत्रांतच दिसते. सरकार पक्षाने साडेतीन हजारांहून अधिक दस्तऐवज दाखल केले, बचाव पक्षाने दीड हजारांहून अधिक. साक्षीदार तीनशेच्या वर होते. पुराव्याचे छापील २५ खंड झाले. आरोपींच्या प्रदीर्घ निवेदनांनीही वेळ घेतला; परंतु खटल्याचा पसारा मुळात अभियोगाने ठरविला होता. कोणत्या आरोपीविरुद्ध नेमके काय सिद्ध करावयाचे, याची आधी छाननी झाली असती तर हा पसारा बराच आवरला असता.

अपिलाची सुनावणी सुलेमान यांच्या पीठापुढे आली आणि काही दिवसांतच आटोपली. ऑगस्ट १९३३ मध्ये निकाल लागला. प्रत्येक आरोपीचा कटातील सहभाग स्वतंत्रपणे तपासण्यात आला. डांगे यांची १२ वर्षांची शिक्षा तीन वर्षांवर आली. काही आरोपी निर्दोष सुटले, तर काहींची शिक्षा भोगलेल्या कैदेपुरतीच ठरली. निर्दोष ठरलेल्यांची कोठडीतील वर्षे मात्र कोणत्याही निकालाने परत येणार नव्हती.

१९३७ मध्ये स्थापन झालेल्या संघ न्यायालयात सुलेमान यांची नियुक्ती झाली. तेथे मुकुंदराव जयकर त्यांचे सहकारी होते. १९४१ मध्ये सुलेमान यांचे निधन झाले.

जलद सुनावणी हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खटल्याच्या अनेक टप्प्यांना कालमर्यादा घातल्या आहेत. पण नेमका आरोप, निवडक पुरावा आणि वेळेवर हजर होणारे साक्षीदार नसतील, तर या मर्यादा कागदावरच राहतील. मेरठचे २५ खंड याचीच साक्ष देतात.