साधु फ्रान्सिसचा हिशेब

धर्मकार्यास पैसा दिला म्हणजे तो कसा मिळविला हें कोणी विचारूं नये, अशी एक समजूत आमच्या बाजारपेठांतून फार दिवस रूढ आहे. वर्षभर मापांत मारावें, व्याजांत कुळांस नाडावें, आणि अखेरीस एखाद्या देवालयावर कळस चढवून जमाखर्चाचा मेळ घालावा, असा हा व्यवहार होय. ही समजूत एकट्या हिंदु समाजाची आहे असें नाहीं. ख्रिस्ती युरोपांतही ती भरपूर होती. तेथें तिला ज्यानें स्वतःच्या आचरणानें उत्तर दिलें, तो एका कापडवाल्याचा मुलगा होता. म्हणूनच त्याचें चरित्र आमच्या व्यापारी वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

इटलींतील असिसी शहरीं इ. स. ११८१ किंवा ११८२ सालीं फ्रान्सिसचा जन्म झाला. बाप पिएत्रो बर्नार्दोने हा कापडाचा मोठा व्यापारी असून त्याचा फ्रान्स देशाशीं व्यवहार चाले. मुलगाही दुकानीं बसे. परंतु मिळविण्यापेक्षां उधळण्याकडे त्याचा ओढा अधिक. उंची वस्त्रें, गाणींबजावणीं, मित्रांच्या मेजवान्या आणि शूर सरदार होण्याची हौस, ह्यांत त्याचें तारुण्य गेलें. १२०२ सालीं शेजारच्या पेरुजा शहराशीं झालेल्या लढाईंत तो पकडला गेला व सुमारें एक वर्ष बंदींत राहिला. सुटून आल्यावर त्यास मोठें दुखणें आलें, आणि त्यांतून उठलेला फ्रान्सिस पूर्वीचा राहिला नाहीं. महारोग्यांची त्यास अतिशय किळस असे. पुढें तोच त्यांच्या वस्तींत जाऊन त्यांची शुश्रूषा करूं लागला. मरणापूर्वीं सांगून लिहविलेल्या मृत्युपत्रांत त्यानें आपल्या पालटाचा आरंभ ह्याच सेवेपासून मोजला आहे.

असिसीबाहेर सान दामियानो नांवाचें एक मोडकळीस आलेलें प्रार्थनामंदिर होतें. तेथें प्रार्थना करीत असतां, तें दुरुस्त करण्याची ईश्वरी आज्ञा आपणांस झाली असें फ्रान्सिसला वाटलें. त्यानें बापाच्या दुकानांतील कापड घोड्यावर लादलें, फोलिन्यो गांवीं जाऊन तें विकलें, घोडाही विकला, आणि रक्कम तेथील धर्मगुरूपुढें ठेवली. धर्मगुरूनें ती घेतली नाहीं. बाप संतापला, मुलास कोंडून ठेविलें, आणि शेवटीं शहराच्या अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली. आपण आतां ईश्वराचे सेवक आहों असें सांगून मुलानें त्यांचा अधिकार नाकबूल केला. तेव्हां प्रकरण बिशप गुईदो ह्यांच्यासमोर आलें. ही १२०६ सालच्या सुमाराची गोष्ट होय.

बिशपांनीं दिलेला निकाल कोणत्याही न्यायासनास शोभण्यासारखा होता. द्रव्य दुसऱ्याचें असल्यास तें परत करावें. गैरमार्गानें आलेला पैसा आपल्या मंदिरास लागावा अशी देवाची इच्छा नसते, असें त्यांनीं फ्रान्सिसला समजाविलें. फ्रान्सिसनें रक्कम परत केली. इतकेंच नव्हे, तर अंगावरचे कपडेही बापाच्याच पैशाचे म्हणून उतरून त्याच्यापुढें ठेविले, आणि ह्यापुढें आपला बाप स्वर्गांतील परमेश्वर, असें सर्वांसमक्ष जाहीर केलें. बिशपांनीं त्या उघड्या तरुणास आपल्या झग्याखालीं घेतलें. ह्या देखाव्याचीं चित्रें युरोपांत पुष्कळ झालीं. परंतु त्यांतील कायद्याचा मुद्दा लोक विसरतात. फ्रान्सिसच्या संन्यासाचें पहिलें पाऊल दान नसून परतफेड होतें.

त्यानंतर त्यानें दारोदार दगड मागून तेंच मंदिर स्वतःच्या हातांनीं दुरुस्त केलें. बर्नार्दो नांवाच्या असिसीच्या एका धनिकानें सर्व मालमत्ता गरिबांस वांटून त्याचें शिष्यत्व पत्करलें. मंडळी वाढूं लागली. अंगमेहनत करावी, तिच्याबद्दल अन्न घ्यावें, नाणें घेऊं नये, असा त्यांचा नियम. मालमत्तेवांचून राहणें फार कठीण आहे, असें बिशपांनीं एकदां सुचविलें. त्यावर, मालमत्ता ठेवली तर तिच्या रक्षणास शस्त्रें लागतील व तिच्यापायीं तंटे आणि दावे उत्पन्न होऊन ईश्वराचें व शेजाऱ्याचें प्रेम आटेल, असें फ्रान्सिसनें उत्तर दिल्याचें त्याचे चरित्रकार सांगतात. ज्यांचा जन्म कोर्टाच्या पायऱ्यांवर गेला, त्यांस ह्या उत्तराची सत्यता निराळी पटवून देण्याची गरज नाहीं. धन वाईट म्हणून त्यानें टाकलें नाहीं. तें ईश्वर व मनुष्य ह्यांच्यामध्यें उभें राहतें म्हणून टाकलें.

सर्वांनींच घरदार सोडावें असा मात्र त्याचा आग्रह नव्हता. प्रपंच व धंदा न सोडतां त्याच्या मार्गानें जाऊं पाहणाऱ्या गृहस्थांचा एक वर्ग तयार झाला. त्यांच्यासाठीं १२२१ सालीं झालेल्या नियमांत, प्रवेशापूर्वीं दुसऱ्याचें जें कांहीं आपणांकडे असेल तें रोख अथवा हमी देऊन परत करावें, अशी अट आहे. आमच्या वाचकांनीं लक्ष द्यावें असें कलम हेंच होय.

१२२६ सालच्या ३ ऑक्टोबरीं फ्रान्सिसनें देह ठेविला. अखेरच्या घटकेस त्यानें स्वतःस उघड्या भूमीवर ठेववून घेतलें, आणि अंगावर घातलेला झगाही उसना म्हणूनच स्वीकारला. दोनच वर्षांनीं त्यास संतपद मिळून असिसींत त्याच्या नांवाच्या भव्य मंदिराचा पाया घातला गेला. पुढें मालकी पोपची व उपभोग संन्याशांचा, अशी तोड कायदेपंडितांनीं काढली. ती १३२२ सालीं पोप जॉन बाविसावे ह्यांनीं मोडली. त्याचे अनुयायी हिंदुस्थानांतही आले. जुन्या गोव्यांत १६६१ सालीं बांधलेलें त्यांचें मंदिर आहे. त्याची मुख्य वेदी सोन्याच्या मुलाम्यानें झळकते, आणि तिच्यावरील मूर्तींखालीं दारिद्र्य, नम्रता व आज्ञापालन हीं तीन व्रतें कोरलेलीं आहेत. तें सोनें आणि तीं अक्षरें एकत्र पाहून कोणाही विचारी मनुष्यानें क्षणभर थांबावें.

आम्ही कोणास झोळी घ्यावयास सांगत नाहीं. पेढी चालवावी, नफाही करावा. परंतु यंदा देवालयाच्या वर्गणीची यादी समोर आली म्हणजे, आंकडा घालण्यापूर्वीं आपली खातेवही एकवार उघडावी, आणि तींत जें दुसऱ्याचें निघेल तें आधीं त्याचें त्यास पोंचतें करावें. देवाचा आंकडा त्याखालीं घालावा. मग तो लहान पडला तरी चिंता नाहीं.